टेकाडावरची काठी

मळवलीत पहिला टीव्ही आला त्याच्या बराच आधी त्याची काठी उभी राहिली. आमच्या घरामागच्या टेकाडावर नळाला नळ जोडून केलेली, चारी बाजूंनी तारांचे ताण दिलेली ती उंच काठी बघायला आगगाडीतले लोक खिडकीतून मान बाहेर काढायचे. कुणाला ती देवाची वाटायची, कुणाला रेल्वेची. गावातली माणसं मात्र सरळ सांगायची, "सदाआबाचं याड उभं हाय ते."

आमचं घर म्हणते खरं, पण घर आबांचं. मी तिथली भाडेकरू. गावच्या शाळेत बदली होऊन आले तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार होईना. आबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा मापून घेतलं आणि म्हणाले, "दार ठेंगणं हाय, वाकून यावं लागंल. चालंल का?" मी चालेल म्हटलं. झाला करार.

सदाआबांची सगळी नोकरी देहूरोडच्या लष्करी डेपोत झाली. तिथं बिनतारी यंत्रांच्या काठ्या उभ्या करायच्या, पाडायच्या, गुंडाळून ठेवायच्या, हे काम. निवृत्त झाले तरी अंगातला डेपो काही निघाला नाही. कमरेला गाठी मारलेली एक सुतळी कायम गुंडाळलेली. ती त्यांची मोजपट्टी. कुठलंही काम निघालं की आधी उकिडवं बसायचं, कोळशाच्या तुकड्यानं जमिनीवर रेघा ओढायच्या, त्या पुसायच्या, पुन्हा ओढायच्या आणि मग कामाला हात लावायचा. "आदी आखावं, मग वाकावं," हे त्यांचं वाक्य दिवसातून दोनदा तरी कानावर पडायचंच.

मी एकदा कपडे वाळत घालायला दोरी बांधून मागितली. मला हात वर करून उभं केलं, उंची घेतली, धाग्याला दगड बांधून ओळंबा लावला, ऊन कुठून कुठं सरकतं ते बघितलं. माझी ओली लुगडी तोवर खाटेवर. पुढच्या रविवारी दोरी बांधली गेली, आणि मी तिथून निघेपर्यंत ती तसूभर खाली आली नाही, हेही सांगायला हवं.

माणसाला एकच खोड होती, पण ती सगळ्या गुणांवर पाणी ओतणारी. चुकलं, हा शब्द तोंडातून निघायचा नाही. गोठ्याची भिंत कलली तेव्हा म्हणाले, "आखणी बरुबर व्हती, जिमीन हलली." भाताच्या खाचराचा बांध फुटला तेव्हा म्हणाले, "आखणी बरुबर व्हती, पानी चुकलं." मी तोंडावर पदर धरून हसायचे. पारूमावशी हसायच्या नाहीत.

पारूमावशी म्हणजे आबांच्या बायको. मी आले तेव्हाच त्यांना धाप लागायची. पाण्याची कळशी आणताना मध्ये दोनदा टेकायच्या. पुढं पुढं उठणं कमी झालं आणि ओसरीवरच्या खाटेवर गोधडी पांघरून पडून राहायच्या. नवऱ्याला हाक मारायची झाली तर बांगड्या वाजवायच्या. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण अहो म्हणायलाही काय हरकत, असं मला वाटे. एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "आदी मंदाचं आबा म्हनायची. आता कसं म्हनू?"

मंदा त्यांची एकुलती एक लेक. मुंबईला मामाकडे राहून शिकली, शाळेत नोकरीला लागली आणि तिथल्याच एका शिक्षकाशी तिनं लग्न केलं. मुलगा जातीबाहेरचा. ही बातमी आली तेव्हा मी नव्हते. जे ऐकलं ते सगळ्या गावानं डोळ्यांनी बघितलेलं. आबा भर दुपारी खंडोबाच्या देवळात गेले, बेलभंडारा हातात घेतला आणि चार माणसांसमोर बोलले, "पोरीचं त्वांड बगनार न्हाई. तिच्या आयलाबी बगू देनार न्हाई. बगितलं तर त्या पोरीचं बरं व्हनार न्हाई."

उचललेला भंडारा म्हणजे आमच्या भागात दगडावरची रेघ. त्यात शेवटचं वाक्य फार वाईट होतं. शपथ मोडली तर आबांना काही व्हायचं नव्हतं, मावशींनाही नाही. जे काही व्हायचं ते मंदाचं. रागाच्या भरात माणूस काय बोलतो याचं भान त्यालाच राहत नाही, पण देवाला राहतं, अशी पारूमावशींची पक्की खात्री होती. मुंबई ती किती लांब? घरामागून दिवसभर गाड्या जायच्या. लोणावळ्याला बदलून दुपारच्या जेवणापर्यंत माणूस लेकीच्या दारात. मावशी त्या गाड्या नुसत्या ऐकायच्या.

मला आबांचा राग यायचा. तो मी लपवतही नव्हते. "आबा, भंडारा तुम्ही उचललात, तुम्हीच उतरवा," असं मी एकदा स्पष्ट म्हटलं. उतरवायची रीत होती. गुरवाकडून देवाला अभिषेक करायचा, पायरीवर नाक घासायचं आणि ज्या चार माणसांसमोर बोललं त्यांच्यासमोरच कान धरून चुकलं म्हणायचं. आबांनी कमरेची सुतळी सोडून पुन्हा बांधली आणि म्हणाले, "बाई, तुमी पोरं शिकवा."

असं सगळं थिजून गेलेलं असताना शंकर आला. शंकर शेजारच्या भाजे गावचा. खंडाळ्याला एका शेटच्या बंगल्याची राखण करायचा. शेटनं बंगल्यावर टीव्ही बसवला होता. खंडाळा घाटाच्या काठावर, त्यामुळे मुंबईचं चित्र तिथं चांगलं दिसायचं. शंकर धावतच ओसरीवर चढला.

"मावशे, आपली मंदी बगितली! टीव्हीत! बायांच्या मेळ्यात बसून गात व्हती. दर म्हयन्याला असतंय म्हनं त्यांचं."

मावशी उठून बसल्या. कित्येक दिवसांनी त्यांना कुणी न धरता बसलेलं मी बघितलं. "कशी दिसती रं? वाळली का?"

"आगं, मानूस वाळलंय का न्हाई ते टीव्हीत कळत न्हाई. पर तीच. हनवटीवरचं गोंदान दिसलं."

आबा दाराआड होते. दुसऱ्या दिवशी ते गुरवाकडे गेले. गुरव आमच्या शाळेच्या ओट्यावरच बसलेला असायचा, म्हणून हे संभाषण मला ऐकायला मिळालं.

"मला एक सांग," आबा म्हणाले, "मान्साचा फोटू बगितला तर त्वांड बगितलं असं व्हतंय का?"

गुरवानं तंबाखू मळता मळता विचार केला. "फोटू म्हंजी कागद. कागदाला त्वांड कुटनं आलं?"

"आन् हालता फोटू?"

"हालला तरी फोटूच की."

"भंडाऱ्याला चालंल?"

"न चालायला काय झालं? पर आबा, त्यापरीस येक अभिषेक करून टाका ना. नाक घासायला कितीसा येळ लागतो?"

आबा उठले आणि चालू लागले. त्यांना हवं तेवढं मिळालं होतं. पायरीवर नाक घासण्यापेक्षा आभाळाला काठी लावणं त्यांना सोपं वाटलं. असा हा माणूस.

मग सुरू झाली आखणी. आबा शंकरबरोबर खंडाळ्याला गेले आणि बंगल्याच्या छपरावरची ती माशाच्या काट्यासारखी आडवी जाळी डोळ्यांत भरून आले. गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं तिचं चित्र काढलं. कुठली नळी लांब, कुठली आखूड, दोन नळ्यांत किती बोटं अंतर. गायी त्या चित्राला पाठ घासायच्या, आबा पुन्हा काढायचे.

अडचण मोठी होती. पुण्याच्या बाजूला सिंहगडावरून कार्यक्रम यायला लागला होता, पण मळवली पडली खळग्यात आणि मध्ये विसापूरचा डोंगर. आबा एक दिवस त्याच्याकडे बघत म्हणाले, "ह्यो काय माज्या बापाच्यानं हलनार न्हाई." म्हणजे मुंबईच धरायला हवी होती. लोणावळ्याकडे खोरं उघडं होतं, पण घराच्या छपरावरून तिकडचं काही मिळालं नसतं. टेकाडावर काठी उभारायची आणि तिथून चपटी वायर बाभळींवरून घरात आणायची, असं ठरलं. त्यात पुन्हा दुसरी अडचण. "वायर जितकी लांब तितकं चित्र पातळ," आबांनी मला समजावलं. "ताकात पानी घालत गेल्यागत." मग त्यावर उपाय म्हणून चित्राला जोर देणारी एक डबी काठीखाली पत्र्याच्या डब्यात बसवायची.

हे सगळं ते मावशींच्या खाटेशी बसून, जमिनीवर रेघा ओढून सांगत. मी आल्यापासून नवरा-बायकोला इतकं बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. मावशी मान हलवायच्या. "आन् मंग दिसंल?" विचारायच्या. "दिसंल म्हंजी? समूर बसल्यावानी दिसंल," आबा म्हणायचे. त्या वेळी त्यांचा चेहरा इतका हळवा व्हायचा की मला माझ्या रागाची लाज वाटायची. मग घरामागून मुंबईची गाडी जायची आणि राग परत यायचा.

काठी उभारली ती जत्रेतल्या काठीसारखीच. चार गडी चार दोरांवर, आबा मधोमध. नारळ फुटला. बायकांनी कुंकू लावलं. ती काठी श्रावणातल्या वाऱ्यानं मोडली आणि खाचरात आडवी झाली. "आखणी बरुबर व्हती," आबा चिखलातून नळ गोळा करत म्हणाले, "वारा चुकला." दिवाळीनंतर पुन्हा उभी केली. तोवर मावशींच्या पायांवर सूज आली होती आणि लोणावळ्याचे डॉक्टर आबांना बाजूला घेऊन बोलायला लागले होते.

त्याच सुमाराला मंदा आली. कुणी कळवलं ते मी विचारलं नाही. शंकरनंच असणार. रविवार होता, मी अंगणात तांदूळ निवडत होते. फाटकाशी एक ठेंगणीशी बाई उभी राहिली, हनवटीवर गोंदण. मी ओळखलं. आबांनीही ओळखलं, कारण ते झटकन वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"आबा," ती म्हणाली.

"घरात कोनी न्हाई," आबा भिंतीला म्हणाले.

ओसरीवरून बांगड्या वाजल्या. मी वर बघितलं तर मावशींनी गोधडी डोक्यावरून ओढून घेतली होती. पाय उघडे, सुजलेले, आणि तोंड पार झाकलेलं. गोधडीच्या कडेतून एक हात बाहेर आला होता.

"ये. बस हितं. मी बगत न्हाई तुज्याकडं," आतून आवाज आला. "बोलायला बंदी न्हाई."

मंदा खाटेच्या काठावर बसली आणि तिनं तो हात दोन्ही हातांत घेतला. गोधडी ओढायला ती वाकली तशी मावशी आतून ओरडल्या, "नगं! तुला वंगाळ व्हईल!" मग दोघी बोलत राहिल्या. लेक गोधडीशी बोलत होती, आई गोधडीतून. भात कसा झाला, म्हैस व्याली का, सासू कशी वागवते. एवढ्या वेळात आबा भिंतीसमोरून हलले नाहीत. निघता निघता मंदा वाकून हळूच म्हणाली, "आई, मला दिवस गेलेत." हात गोधडीतून वर चाचपडत आला, तिच्या पोटावर जाऊन थांबला, आणि खूप वेळ तिथंच राहिला. मी तांदूळ निवडत होते. सुपात खडे होते की तांदूळ, मला दिसत नव्हतं.

त्यानंतर आबांनी कामाचा धडाका लावला. शेटनं नवा टीव्ही घेतला, जुना शंकरमार्फत आमच्याकडे आला. थंडीमुळे मावशींची खाट ओसरीवरून घरात घेतली होती; गोधड्यांत गुंडाळून बैलगाडीतून आलेलं ते खोकं तिच्यासमोर ठेवलं. वायर जोडली. बटण दाबलं. नुसत्या मुंग्या. आवाज मात्र स्वच्छ. कुणीतरी खतांबद्दल बोलत होतं. आबा टेकाडावर चढले, काठी फिरवायला लागले. अंगणात शंकर उभा, दारात मी.

"आलं का?"

"न्हाई!"

"आता?"

आणि एकदम आलं. टोपी घातलेला एक गृहस्थ लख्ख दिसायला लागला. शंकर "आलं, आलं!" म्हणून नाचला. आबा काठी सोडून खाली यायला निघाले, तशा मुंग्या परत. पुन्हा वर गेले, हात लावला, गृहस्थ हजर. सोडला, गृहस्थ गायब. ताण बदलून पाहिले, पाचर मारून पाहिली. काही उपयोग नाही. माणसानं नळ धरून ठेवला तरच चित्र टिकत होतं. का ते आबांनाही सांगता आलं नाही, पण हार कोण मानतो? "आखणी बरुबर हाय," ते म्हणाले, "ह्या काठीला मानूस लागतंय."

मंदाच्या मेळ्याचा पुढचा कार्यक्रम संध्याकाळी होता. शंकरनं निरोप आणला तेव्हापासून मावशी जीव धरून जगत होत्या, असंच म्हणायला हवं. औषध मुकाट घ्यायच्या, पेज दोन घोट जास्त प्यायच्या. त्या दिवशी मला म्हणाल्या, "बाई, माजी येणी घाला." मी वेणी घातली, कुंकू लावलं. आबांनी नवं धोतर नेसलं होतं.

"काठी मी धरतो, आबा," शंकर म्हणाला. "तुमी बसा मावशीपाशी. बगा तरी लेकीला."

"तुला जमायचं न्हाई," आबा म्हणाले, आणि टेकाड चढायला लागले. शंकरला न जमायला काय झालं होतं? गुरवाचा निकाल आबांनी मावशींसाठी मिळवला होता. स्वतःसाठी तो वापरायचं बळ त्यांच्यात नव्हतं. लेकीचा चेहरा समोर आला असता तर चारचौघांत रडू फुटलं असतं, आणि त्याची आखणी त्यांनी केलेली नव्हती.

अंगण माणसांनी भरलं होतं, पण ओसरीवर आबांनी कुणाला येऊ दिलं नाही. आत खाटेवर मावशी, शेजारी मी. दार अर्धं लोटलेलं, बाहेर शंकर, त्याला फक्त पडदा दिसेल असा. आधी मुंग्या. त्यातून बायकांच्या मेळ्याचं नाव सांगितलेलं ऐकू आलं. मग एक आवाज उठला. मावशींचा हात माझ्या मनगटावर घट्ट आवळला. ती त्यांचीच ओवी होती, पहाटे जात्यावर म्हणायच्या ती.

"दळण सरलं बाई, जातं सोडवना,
आईच्या हाताची ऊब मोडवना."

"आलं का?" टेकाडावरून आबा ओरडले.

आणि चित्र आलं. तीन-चार बायका ओळीनं बसलेल्या, मधोमध मंदा. पांढरी साडी, डोक्यावर पदर, हनवटीवरचं गोंदण. समोर बसल्यासारखी. आबांनी शब्द खरा केला होता. मी आनंदानं मावशींकडे वळले.

मावशींनी गोधडी डोक्यावरून घेतली होती.

"मावशी, अहो बघा ना! मंदा आलीय!" मी गोधडीला हात घातला. त्यांनी ती आतून दोन्ही मुठींनी धरून ठेवली. एवढी ताकद त्यांच्यात कुठून आली कोण जाणे.

"गप, बाई," त्या आतून कुजबुजल्या. "भंडाऱ्याला फोटूबिटू कळतंय व्हय? पोरीच्या पोटात लेकरू हाय. मी न्हाई बगायची."

"गुरव म्हणाला ना चालतं म्हणून?"

"गुरवाची लेक न्हाई ती."

मी एकटीच त्या खोक्याकडे बघत बसले. मंदा गात होती आणि गोधडीच्या आत तोंडापाशी कापड हलत होतं. मावशी तिच्याबरोबर ओवी म्हणत होत्या. टेकाडावरून पुन्हा पुन्हा हाक येत होती, "दिसती का? दिसती का?" आणि शंकर दाराबाहेरून ओरडत होता, "दिसती, दिसती!" वारा सुटला होता. काठीच्या तारा वाजत होत्या. गाणं संपलं, बायकांनी हात जोडले, आणि पडद्यावर दुसरंच काही सुरू झालं. तेव्हा मावशींनी गोधडी खाली केली.

आबा खाली आले तेव्हा त्यांचे हात गारठून वाकडे झाले होते. ते खाटेशी उकिडवे बसले. "दिसली?"

"दिसली," मावशी म्हणाल्या. "लय ग्वाड दिसली. गालावर तेज आलंया."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग ते रडले. खाटेच्या काठावर कपाळ टेकून, पाठ गदगदा हलत. मावशींनी त्यांच्या टोपीवर हात ठेवला आणि किती वर्षांनी हाक मारली, "मंदाचं आबा, उटा आता."

महिना उलटायच्या आत मावशी गेल्या. निरोप पाठवला होता, पण मंदाचे दिवस भरत आलेले, तिला हलू दिलं नाही. आबांनी सगळं रीतसर केलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच सांगायचे, "लेकीला बगून गेली. डोळं भरून बगितलं तिनं. मी धरून उबा व्हतो." मी शेजारी असले तर साक्षीला माझ्याकडे बघायचे. मी होय म्हणायचे. मावशींनी जे झाकलं ते उघडायचा अधिकार मला नव्हता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

मंदाला मुलगी झाली. ठणठणीत. मावशी असत्या तर म्हणाल्या असत्या, बघा, मी सांगत नव्हते? त्यांच्या लेखी हिशेब चोख झाला होता.

उन्हाळ्यात माझी बदली झाली. मी निघाले त्याच दिवशी सकाळच्या गाडीनं मंदा लेकराला घेऊन आली. आबांनी तिला फाटकातून येताना बघितलं असावं, कारण ती ओसरीवर चढली तेव्हा ते घरात नव्हते. तिनं आईची खाट हात लावून बघितली, लेकराला तिच्यावर निजवलं, पदर खोचला आणि चुलीपुढचा पसारा आवरायला घेतला. मला म्हणाली, "बाई, आईनं मला बघितलं ना शेवटी?"

"तुझं गाणं शेवटपर्यंत म्हटलं त्यांनी. तुझ्याबरोबर," मी म्हटलं. ते खरं होतं. तिनं आणखी विचारलं नाही.

शंकरनं माझी ट्रंक स्टेशनवर आणून दिली. गाडी हलली तशी मी सवयीनं टेकाडाकडे बघितलं. आबा तिथं होते. टीव्ही बंद होता, चित्र बघणारं कुणी नव्हतं, तरी दोन्ही हातांनी काठी घट्ट धरून ते उभे होते. घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. मंदानं चूल पेटवली होती. हाक मारली असती तर खाली ऐकू गेली असती, एवढंच ते अंतर. पण आबांची पाठ घराकडे होती आणि तोंड मुंबईकडे.